छत्रीकाकांची बोळ

मराठवाड्यात छत्र्यांचं दुकान चालवणारा माणूस शहाणा असू शकत नाही, हे मी छत्रीकाकांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हाच ठरवून टाकलं होतं. पुढं त्यांच्या शेजारी अर्धं आयुष्य काढलं, पण मत बदलावं असं काही घडलं नाही. आता ते नाहीत. माझे गुडघे कुरकुरतात, आवाज पूर्वीसारखा चढत नाही, तरी दिवसातून एकदा त्यांच्यावर चिडल्याशिवाय माझ्याच्यानं शटर ओढवत नाही.

गुलमंडीच्या पाठीमागच्या गल्लीत त्यांचं दुकान. अरुंद, खोल, आणि आत फक्त छत्र्या. काळ्या जास्त, रंगीत थोड्या. रेनकोटसुद्धा नाही. मी एकदा म्हणालो, "काका, रेनकोट ठेवा, आजकाल पोरं तेच घेतात." तर म्हणाले, "रेनकोटात दुसरा माणूस मावत नाय." पावसाळ्याच्या तोंडावर गिऱ्हाईक आलं की हा माणूस आधी ओट्यावरून आभाळाकडं बघायचा आणि म्हणायचा, "घाई काय हाय? पाऊस तर येऊ द्या. नाय आला तर छत्री उशाला घेऊन झोपाल." गिऱ्हाईक हसायचं आणि परत जायचं. पुन्हा आलं तर त्याला सांगितलेल्या भावाला छत्री मिळायची. भाव एकच. वर नाही, खाली नाही. माझ्यासारख्या घासाघिशीवर पोट भरणाऱ्या माणसाला शेजार मिळाला तो असा.

पांढरा सदरा, गळ्यापर्यंत बटणं, दाराशी लाकडी स्टूल आणि मांडीवर कुणाची तरी मोडकी छत्री. त्यांचे आजोबा निजामाच्या कचेरीत कारकून होते म्हणे. त्यामुळं घरात श्लोक आणि जिभेवर उर्दू. रागावले की "अमां यार" म्हणायचे आणि त्यापलीकडं कधी रागवायचे नाहीत. हे माझ्या रागाला फार जड जायचं. भांडायला समोर कुणीतरी उभं राहावं लागतं.

मी फुलंब्रीचा. खांद्यावर चादरींचा गठ्ठा घेऊन वाळूजला कंपनीच्या गेटवर उभा राहायचो, पाळी सुटली की कामगारांना चादरी विकायचो. मग गुलमंडीत फुटपाथ, मग अर्धा गाळा, मग पूर्ण गाळा, मग लग्नाचं कापड. कुणी बोट धरलं नाही. माझ्या नावाची पाटी लागली त्या दिवशी मी पेढे घेऊन त्यांच्याकडं गेलो. पेढा तोंडात टाकून म्हणाले, "मुबारक हो, फुलंब्री." झालं. त्या दिवसापासून मी फुलंब्री. पाटीवर एवढं मोठं नाव होतं, रात्री त्यात दिवे लागायचे. ते नाव त्या माणसाच्या तोंडून मी एकदाही ऐकलं नाही.

आमच्या बाजारात एक जुनी रीत होती. सकाळची पहिली विक्री, म्हणजे बोहनी, झाली की पुढच्या गिऱ्हाइकाला शेजाऱ्याकडं धाडायचं, त्याचीही बोहनी होऊ द्यायची. बाकीच्यांनी ती रीत कधीच सोडली होती. काका मात्र स्टुलावर बसून अख्ख्या गल्लीचा हिशेब डोक्यात ठेवायचे. कुणाची बोहनी झाली, कुणाची राहिली. गल्लीत शिरणारा माणूस काय शोधतोय हे त्यांना चालीवरून कळायचं.

"चादर पाहिजे? त्या फुलंब्रीकडं जाऊ नका, त्याची बोहनी झालीय. समोर जा."

हे माझ्यादेखत! मी तावातावानं बाहेर यायचो. "काका, माझं गिऱ्हाईक तोडता?"

"तू सकाळी झाडू मारायच्या आत कुणाला तरी पकडून बोहनी करतोस. मग तुझ्याकडं पाठवू कधी?"

सगळ्या गल्लीला त्यांनी गिऱ्हाइकं पाठवली. मला एक नाही. हे मी आजही विसरलेलो नाही.

पण खरं भांडण बोळीचं.

त्यांच्या आणि माझ्या दुकानाच्या मध्ये एक बोळ होती. तोंडाशी एक खाट आडवी बसेल एवढी, आत मात्र लांब. त्यांच्या आजोबांच्या नावावरून चालत आलेली. तिच्यात मोडक्या छत्र्यांचे सांगाडे आणि मांजरं. ती मला मिळाली असती तर मधली भिंत पाडून मी दुकानाचा दर्शनी भाग रुंद केला असता. लग्नाच्या कापडाला बैठक लागते. बस्त्याला पोरीकडचे आणि पोराकडचे असे दोन्ही घरचे लोक टेम्पो भरून येतात, आणि शालूपासून मामाच्या टोपीपर्यंत सगळं एका जागी बसून घेतात. गादी जेवढी मोठी तेवढा बस्ता मोठा. माझ्या गादीवर निम्मे लोक बसायचे, निम्मे ओट्यावर चपलांजवळ.

म्हणून मी बोळ मागायला जायचो. वर्षानुवर्षं. दर दिवाळीनंतर जायचो, ते चहा मागवायचे.

"भाव बोला, काका."

"चहा घे."

"मीच बोलू का?"

"बोल की."

मी बोलायचो. ते ऐकून घ्यायचे आणि गेल्या वर्षी मी काय बोललो होतो ते मला सांगायचे. मी वाढवायचो, हातवारे करायचो, ओरडायचो, शेवटी उठून चालायला लागायचो. उठून जाणं हे घासाघिशीतलं शेवटचं हत्यार. समोरचा हाक मारतोच. हा माणूस मारायचा नाही. एकदा मी परत फिरून विचारलं, "काका, तुम्ही भाव का सांगत नाही?"

"भाव सांगितला की सौदा संपतो, फुलंब्री. मग तू येणार कशाला?"

मला वाटलं, ही चेष्टा. मुलगा पुण्याला, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, पण ते तेव्हा माझ्या डोक्यात कशाला येईल? माझ्या डोक्यात बोळ होती.

दरम्यान बाजार सुकत चालला होता. शहर सिडकोकडं, जालना रोडकडं सरकलं. तिकडं काचेची दुकानं झाली, थंडगार, गाडी लावायला तळघर. आमच्याकडं गाडी लावायची म्हणजे आधी भांडण लावायचं. दोन-तीन पिढ्यांची दुकानं पोरांनी भाड्यानं दिली. दुपारी गल्लीत कुत्री आरामात झोपायची, कुणाचा पाय लागायची भीती नव्हती.

मग जुन्या बाजारपेठा पुन्हा उभ्या करायची सरकारी योजना आली. मोठा वाटा सरकारचा, थोडा व्यापाऱ्यांनी गोळा करायचा. समिती झाली. अध्यक्ष काका, कारण गल्लीत कुणाशीच वैर नसलेले तेवढेच. वर्गणी गोळा करायला मी, कारण माझ्याशी वैर परवडत नाही. भांड्यांच्या दुकानाचा मालक मला बघून आतल्या खोलीत लपला. मी त्याच्याच ओट्यावर बसलो आणि त्याची गिऱ्हाइकं परत पाठवायला लागलो. "मालक वारले," असं एकीला सांगितलं तेव्हा तो पैसे घेऊन बाहेर आला. काका म्हणाले, "अमां यार, वर्गणी काढतोस का दरोडा घालतोस?" पण वर्गणी पूर्ण जमली. दुसऱ्या कुणाला जमली नसती. ही गोष्टही कुणी आता बोलत नाही.

मंगल कार्यालयात सभा झाली. पुण्याचा एक तरुण सल्लागार आला होता. पडद्यावर चित्रं दाखवली. आमचीच गल्ली, पण ओळखू येईना. तोंडाशी कमान, खाली फरशी, दुतर्फा जुन्या घाटाचे दिवे, सगळ्या पाट्या एका रंगाच्या, आणि बाकांवर बसलेल्या हसऱ्या बायका, हातात पिशव्या. लोक खूश झाले. मीही झालो. कमानीच्या बरोबर समोर माझं दुकान येत होतं.

काकांनी हात वर केला.

"बेटा, ह्या बाया इथं किती वेळ बसतील?"

"आजोबा, कल्पना अशी आहे की लोकांनी बाजारात दिवसभर रमावं."

"दिवसभर. मग ह्या जातील कुठं?"

"म्हणजे? वाहनतळ गल्लीच्या शेवटी आहे."

"वाहनतळात जातील?"

सभा खदखदून हसली. पोरगा लाल झाला. कागद चाळून म्हणाला, "ते... स्वच्छतागृह दुसऱ्या टप्प्यात आहे, आजोबा."

"बरं. मग बायांना सांगून ठेवतो, दुसऱ्या टप्प्यापर्यंत कळ काढा."

आता कुणी हसलं नाही. काका म्हणाले, कमान सरकारच्या पैशातून होऊ द्या, व्यापाऱ्यांची वर्गणी आहे तिच्यातून आधी बायकांची सोय बांधू. तसं असेल तरच मी सही करीन. यावर मोठा गलका झाला. जागा कुठं आहे? कुणाच्या दारात बांधणार? माझ्या दुकानाजवळ नको, माझ्या देवळाजवळ नको. काका सगळं ऐकून घेत राहिले आणि मग म्हणाले, "जागा हाय. माझी बोळ."

मी उभा राहिलो. खुर्ची मागं पडली ती आठवते. "ती बोळ माझी हाय, काका! किती वर्षं झाली मागतोय मी!"

"कागदावर माझी हाय," ते म्हणाले. "डोक्यात तुझी असंल."

"माझ्या दुकानाला खेटून संडास बांधता? शालू विकायचे का मी तिथं?"

"तुलाच जास्त फायदा हाय, फुलंब्री. फक्त तुझी दुपार तेवढी जाईल."

सभेला कळलं नाही. मला कळलं, आणि कानशिलं तापली.

माझी दुपार म्हणजे काय ते सांगतो. बस्त्याला लोक सकाळी येतात. मी दुपार कलल्याशिवाय खरा भाव बोलत नसे. तोवर नुसतं उलगडत राहायचं, हा बघा, तो बघा. दुपार कलली की बायका एकमेकींकडं बघायला लागतात, चुळबुळ करतात, "उरका आता" म्हणतात, आणि पुरुष माझा भाव मान्य करतात. ही माझी हातोटी. मी तिला धीर म्हणायचो, आणि धंद्यातल्या पोरांना तीच शिकवायचो. समोरच्याला थकू द्या, आपण थकू नका.

सभेनंतर मी त्यांच्या दुकानावर चालून गेलो. ते एका छत्रीच्या काडीला तार गुंडाळत होते. मान वर न करता म्हणाले, "तुझ्या धीराला कुणी भीत नाय रे. त्या बाया सकाळपासून पाण्याचा थेंब घेत नायत. घरून निघतानाच तांब्या पालथा घालून येतात. तू पाणी फिरवतोस ना, ते पुरुष पितात. कधी बघितलं?"

मी बघितलं नव्हतं. मी गिऱ्हाइकाच्या खिशाकडं बघतो, ग्लासाकडं नाही. पण म्हणून हे त्यांनी मला सांगावं? ज्या माणसानं आयुष्यात कुणाला एक छत्री धड विकली नाही त्यानं?

मी त्यांच्याशी बोलणं टाकलं.

सोय बांधली गेली. नळ, टाकी, दोन दरवाजे, वर जाळी. मुख्य दार कुठं काढावं, तर माझ्या ओट्याच्या बाजूला. त्यांच्याकडं काढायला जागा होती. मी बोलणं टाकलेलं असूनही ओरडलो, "दार माझ्याकडं का?"

"माझ्याकडं काढलं तर बाई बाहेर येऊन छत्र्या बघंल. छत्री बघून तिला काय मिळणार? तुझ्याकडं लुगडी तरी हायेत."

आत भिंतीवर खुंट्या नव्हत्या. काकांनी मोडक्या छत्र्यांच्या वाकड्या मुठी कापून आणल्या आणि स्वतः स्टुलावर चढून ओळीनं ठोकल्या. बाईच्या हातात पिशवी असते, कडेवर पोर असतं, ते अडकवायला काही नको का, म्हणे. पोर कसं अडकवणार, असं कुणीतरी विचारलं. म्हणाले, "पिशवी अडकवली की पोराला हात मोकळा." सुरुवातीला झाडायला माणूस मिळेना, तर सकाळी सदऱ्याच्या बाह्या सारून हेच बादली-खराटा घेऊन आत. गल्लीतले त्यांच्या जातीचे म्हातारे दुसरीकडं बघायचे. काका त्यांना मुद्दाम बोलवायचे, "या, तशरीफ लाओ, पाणी टाका थोडं."

पुढच्या लग्नसराईत कन्नडकडचा एक बस्ता आला. बरोबर नवरीची आजी. मी नेहमीसारखं उलगडत बसलो. दुपार कलली. आजीनं शेजारणीला खूण केली, दोघी उठून बोळीत जाऊन आल्या. म्हातारीनं माझ्याच पोऱ्याकडून गार पाणी मागून घेतलं, गटागटा प्यायली, पदर खोचला आणि गादीवर मांडी घालून बसली.

"हां. आता बोला, शेठ."

दिवे लागेपर्यंत बोलत होती. असं माझ्याशी कुणी बोललेलं नाही. माझा भाव त्या दिवशी मोडला तो आजतागायत सांधला नाही. आता प्रत्येक बस्ता तसाच होतो. बायका निवांत बसतात, चहा घेतात, पोरांना आळीपाळीनं नेऊन आणतात, आणि घासाघीस बायकाच करतात. हे खरं आहे की लोक जास्त यायला लागले. हेही खरं आहे की भाव कमी मिळाला तरी शालूबरोबर चार साड्या जास्त जातात. जालना रोडचं गिऱ्हाईकही कधी कधी इकडं वळतं. मी नाकारत नाही. पण फायदा झाला म्हणून राग जातो, असं कुणी सांगितलं? राग आणि फायदा माझ्याकडं वेगवेगळ्या कप्प्यांत असतात.

बाकी योजनेचं म्हणाल तर कमान झाली. तिच्याखाली रिक्षा उभ्या राहतात, उन्हाला बरं. दिव्यांपैकी काही लागतात. फरशी जागोजागी उचकली, बाकांवर भाजीवाले टोपल्या ठेवतात. एकसारख्या पाट्या लावल्या होत्या, त्यावर प्रत्येकानं आपापली जुनी पाटी पुन्हा चढवली. मीही चढवली. दुसरा टप्पा अजून यायचा आहे. त्याच्या बैठकांना मी जातो, चहा पितो, परत येतो.

काका एका उन्हाळ्यात गेले. दुपारी स्टुलावर बसल्या बसल्या मान कलली. लोकांना वाटलं डुलकी लागली. आमचं बोलणं तेव्हाही नीटसं सुरू झालं नव्हतं. गल्लीनं शटरं अर्धी ओढली. मी पूर्ण ओढलं. त्यांच्यासाठी नाही, रीत म्हणून.

तेराव्यानंतर मुलगा दुकान विकायला थांबला. बोळीचे कागद काकांनी कधी समितीला करून दिलेच नव्हते. सगळं तोंडी. दुकान मोबाइलची कव्हरं विकणाऱ्यानं घेतलं, आणि त्याला बोळही हवी होती, दर्शनी भाग वाढवायला. मी ऐकलं आणि जेवणावरून उठलो.

मुलगा छत्र्यांच्या ढिगात बसला होता. चहा मागवला. बापासारखाच.

"काका, बाबा सांगून गेले होते. बोळ आधी तुम्हाला विचारायची."

"भाव बोल."

त्यानं भाव सांगितला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या बोळीचा भाव माझ्या कानावर पडला. मी हसलो. मग ओरडलो. तिथं काय बांधलेलं आहे ते बघितलंस का, म्हणालो. पाडायला किती खर्च येईल, म्हणालो. मी माझा आकडा सांगितला. मी वाढवलं, हातवारे केले, पुन्हा ओरडलो, आणि शेवटी उठून चालायला लागलो.

हाक आली नाही.

बाहेर ओट्यावर आलो तर समोर टेम्पो थांबलेला. बस्ता, आणि नेमका माझ्याच गावाकडचा. बायका एकेक करून खाली उतरत होत्या. त्यातली एक थोराड बाई थेट मला म्हणाली, "दादा, इथं बायांची सोय हाय म्हणं. छत्रीकाकाची. कुठं हाय?"

मी बोट दाखवलं. ती गेली. मागोमाग बाकीच्या. मी तिथंच उभा राहिलो. मोबाइलवाला ती भिंत किती दिवस ठेवील, आणि भिंत पडल्यावर ह्या बायका दुपार कलली की माझ्या गादीवरून कुठं उठून जातील, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. त्या जालना रोडला जातील. आणि नाही गेल्या, तरी सकाळी निघताना तांब्या पालथा घालून येतील.

आत आलो. चहावर साय धरली होती.

"घेतली," मी म्हणालो. "तू म्हणतोस त्या भावाला."

पोरगा हसायला लागला. मी विचारलं, हसतोस कशाला? तर म्हणाला, "बाबांनी सांगितलं होतं. फुलंब्री ओरडेल, उठून जाईल, तू हाक मारू नको. तो बाहेर उभा राहील आणि चहा निवेपर्यंत परत येईल. एक पैसा कमी करायचा नाही."

उभ्या आयुष्यात समोरच्यानं सांगितलेला भाव मी एकदाच दिला, आणि घेतलं काय? संडास. टाकी माझी, नळ माझा, झाडणाऱ्या बाईचा पगार माझा. गेल्या महिन्यात जाळी बदलली, तीही माझीच. मुठी मात्र त्याच आहेत, एकही निखळलेली नाही.

रजिस्ट्री झाली त्या दिवशी मी पाटी करून आणली आणि बोळीच्या दारावर लावली. माझं पूर्ण नाव, ठळक अक्षरांत. अजून आहे, येऊन बघा. रोज गावागावांहून बायका येतात, त्या पाटीच्या खाली दारात उभ्या राहतात आणि मलाच विचारतात, "दादा, छत्रीकाकाची सोय हीच का?"

कागदावर माझी आहे, बाई. जा आत.